दोन ठिपक्यांची खवली: सोलापूरच्या पाण्यात शोधावी कशी, घरच्या टाकीत वाढवावी कशी

सोलापूर जिल्ह्यात मासा म्हटलं की रोहू, कटला, मरळ, नाहीतर उजनीची चिलापी. बोटाएवढ्या माशांना कोणी नाव विचारत नाही. 'बारीक मासळी' म्हणून ती वाट्यावर विकली जाते. अशा वाट्यात थोडं निरखून पाहिलं तर एक चपटा, चंदेरी, मोठ्या खवल्यांचा मासा सापडतो. शेपटीच्या अलीकडे ठळक काळा ठिपका आणि कल्ल्यामागे दुसरा, जरा बारीक. हीच दोन ठिपक्यांची खवली, शास्त्रीय नाव पेथिया टिक्टो. हॅमिल्टन यांनी १८२२ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बराच काळ ती 'पुंटियस' या मोठ्या गोतावळ्यात होती. २०१२ साली त्या गोतावळ्याची फोड झाली आणि तिला पेथिया हा नवा वंश मिळाला. मत्स्यालयाच्या जुन्या पुस्तकांत ती अजून पुंटियस टिक्टो म्हणूनच सापडेल.

हा मासा पाळायचा असो की नुसता पाहायचा, त्याचं वर्ष आधी समजून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात डबक्यात तगून राहायचं आणि पावसाचं पाणी चढलं की वीण उरकायची, असा त्याचा साधा हिशोब आहे. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. त्यामुळे इथे तगण्याचा काळ लांब आणि वाढण्याचा आखूड. टाकीतली अर्धी दुखणी आपण हे विसरतो म्हणून होतात.

आधी ओळख पक्की करा

मासा हातात धरून ओळखू नका. पारदर्शक बरणीत तळ्याचंच पाणी घ्या, त्यात मासा सोडा आणि बाजूने फोटो काढा. अंगावरचा चिकट थर निघाला की बुरशी धरते, आणि हातात धरलेल्या माशाचे ठिपकेही धड दिसत नाहीत.

लांबी साधारण चार ते सहा सेंटिमीटर असते, क्वचित याहून जास्त. तोंडाजवळ मिशा नसतात. पाठीच्या पराचा पुढचा काटा हाडासारखा कडक असतो आणि त्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. ते बघायला भिंग लागतं. भिंग हातात आहेच तर अंगाच्या मधोमध जाणारी छिद्रांची ओळही पाहून घ्या. ही पार्श्वरेषा; पाण्यातली हालचाल मासा तिच्यामुळे टिपतो. टिक्टोत ती कल्ल्यामागून निघून थोडेच खवले चालते आणि थांबते, शेपटीपर्यंत पोचत नाही.

गफलत कुठे होते? पुंटियस सोफोर हाही तेवढाच, तसाच चंदेरी, पण त्याचा दुसरा ठिपका पाठीच्या पराच्या बुडाशी असतो आणि पार्श्वरेषा पूर्ण असते. मिशा दिसल्या तर ते टिक्टो नव्हे. डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ काळी रेघ असेल आणि अंग सडपातळ असेल तर ती रासबोरा. अंग काचेसारखं आरपार दिसत असेल तर तो काचमासा. रोहू-मृगळाची पिल्लंही अशा गर्दीत असतात, मात्र त्यांना हे दोन ठिपके नसतात.

एक बाब जाणकारांसाठी. दख्खनमधले दोन-ठिपकी मासे सगळे एकाच जातीचे नाहीत. पेथिया संजयमोलुरी ही जात २०१६ साली पवना आणि नीरा या नद्यांतून नव्याने नोंदवली गेली. दोन्ही नद्यांचं पाणी शेवटी भीमेला मिळतं आणि नीरेचा संगम तर आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवरच, नीरा नरसिंहपूरला. म्हणून भीमेच्या पात्रातला मासा असेल आणि जातीची खात्री नसेल, तर वहीत 'पेथिया' एवढंच लिहा. अर्धवट खात्रीने लिहिलेलं पूर्ण नाव पुढच्या माणसाची दिशाभूल करतं.

दुकानातून घेणार असाल तर वेगळीच सावधगिरी हवी. नराच्या अंगावर लाल भडक पट्टा असलेला 'ओडेसा बार्ब' कैक वर्षं टिक्टोचाच प्रकार मानला जायचा. १९७०च्या दशकात तो युक्रेनमधल्या ओडेसा शहरात विकायला आला, म्हणून ते नाव. २००८ साली म्यानमारमधली वेगळी जात म्हणून त्याचं वर्णन झालं. दिसायला देखणा आहे, पण आपला नाही.

कुठे बघायचं

संथ पाणी, गुडघाभर खोली, तळाला गाळ आणि कडेला पाणवनस्पती, अशी जागा दिसली की थांबा. खळाळत्या प्रवाहात किंवा धरणाच्या खोल मध्यभागी या माशाला काम नसतं.

शहराजवळ हिप्परगा तलाव आहे. कागदोपत्री तो एकरुख, आदिला नदीवर इंग्रजांच्या काळात १८७१ साली पूर्ण झालेला. त्याची उथळ, गवताळ कड अशा माशांसाठी उत्तम. सीना आणि भीमेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारेही पाहण्यासारखे. बर्गे (दारांच्या फळ्या) टाकून पाणी अडवलं की वरच्या बाजूला महिनोन्‌महिने संथ पाणी राहतं आणि कडेला लव्हाळं वाढतं. हत्तरसंग कुडलला सीना-भीमेचा संगम आहे. तिथे लोक जुना मराठी शिलालेख बघायला जातात, पण पाण्याच्या कडेला थोडा वेळ बसलात तर वेळ वाया जाणार नाही. सिद्धेश्वर तलावात काठावरून खुशाल बघा, पण जाळं घेऊन जाऊ नका. देवस्थानचं पाणी आहे.

सांगोल्याकडच्या शेततळ्यांत हा मासा शोधण्यात अर्थ नाही. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या भिंती, ना गाळ ना वनस्पती. कोणी आणून सोडला तर जगेल, पण अंडी कशाला चिकटवणार? सांडपाणी मिसळलेल्या नाल्यांतही वेळ घालवू नका. तिथे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून हिंडणारे मासे दिसतील, ते बहुतेक गप्पी असतात.

भीमेच्या पात्रात उतरणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून पाणी सोडलं की उन्हाळ्यातलं कोरडं पात्रही वाहू लागतं. पाणी सोडल्याच्या बातम्या बघून जा, गावात विचारा, एकटे जाऊ नका.

महिन्याचा हिशोब असा. फेब्रुवारी ते मे या काळात पाणी आटत जातं, मासे डोहात गोळा होतात आणि सापडणं सोपं होतं. पण त्यांच्यासाठी हेच सर्वांत कठीण दिवस. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात, पस्तीसला जेमतेम ७. शिवाय रात्रभर वनस्पतीही श्वास घेतात, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर तिथे जाळं टाकू नये, बघून परत यावं. पावसात चित्र उलटतं. मासे उथळ, नव्याने भिजलेल्या गवतात पांगतात आणि गढूळ पाण्यात दिसतच नाहीत. शांतपणे पाहायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. पाणी निवळलेलं असतं आणि त्या साली जन्मलेली पिल्लं हाताशी आलेली असतात.

पाण्याच्या कडेला बसायची रीत

सकाळी नऊ-साडेनऊनंतर, ऊन पाठीशी येईल असं बसा, पण आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर फारच बरं. पाय आपटत जाऊ नका. या कुळातल्या माशांत हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. थवा एकदा खोल गेला की बराच वेळ परतत नाही.

जखमी मासा पुन्हा पाण्यात टाकू नका, हेही लक्षात ठेवा. त्याच्या फाटलेल्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्या वासाने सगळा थवा पांगतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली हे दाखवून दिलं. खंड्या आणि पाणकावळा यांच्या भक्ष्याला ही सोय उपयोगी पडते. जाळं ओढणाऱ्याला ती नडते.

सोबत साधा थर्मामीटर ठेवा. कडेचं आणि हातभर खोलीवरचं तापमान, पाण्याचा गढूळपणा, वनस्पती, थव्यातले अंदाजे मासे, एवढं वहीत लिहिलं तरी वर्षभरात त्या तळ्याची चांगली ओळख होते.

घरी आणायचे तर

तलावाचा मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. खरं सांगायचं तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जाळी उचलायच्या वेळी काठावर हजर राहणं. भोई मंडळींना हे बारीक मासे असेही फारसे कामाचे नसतात. 'जिवंत आठ-दहा द्या' म्हटलं की हसून देतात.

थव्यात राहणारा मासा आहे. दोन-तीन आणले तर कोपऱ्यात दडून बसतात आणि रंगही दाखवत नाहीत. सहा ते दहा आणा, त्याहून जास्त नको. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा ठेवा, वर ओलं गोणपाट गुंडाळा. उन्हाळ्यात आणूच नका. घरी आल्यावर पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि दर काही मिनिटांनी टाकीतलं थोडं पाणी तिच्यात ओता. अर्ध्या-पाऊण तासाने जाळीने मासे टाकीत घ्या, पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नका. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना वेगळ्या टबात ठेवलेलं उत्तम. रानातल्या माशांबरोबर उवा आणि जंत येतात.

टाकी आणि सोलापूरचं पाणी

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच अशी टाकी चोपन्न लिटरची होते. ती आठ माशांना पुरते. उंच, अरुंद टाकी घेऊ नका. या माशाला आडवं पोहायला जागा हवी. तळाला धुतलेली बारीक वाळू, मागे आणि बाजूला हायड्रिला या पाणवनस्पतीची दाट झुडपं, मधे मोकळं पाणी. वर झाकण, कारण मासा उडी मारतो. हौदात पाळायचे तर सिमेंटचा नवा हौद आधी अनेकदा भरून रिकामा करा, नाहीतर चुन्याने पाणी फार अल्कधर्मी होतं.

पाणी इथे नळाला रोज येत नाही. त्याचा माशांना फायदाच आहे, कारण आपण पाणी साठवतोच. साठवलेलं पाणी उघड्या भांड्यात दिवसभर, शक्यतो पंप लावून, खळाळत ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध वापरा. नळाला पाणी आलं म्हणून थेट पाइप टाकीत सोडणं हे मासे मरण्याचं मुख्य कारण. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. टिक्टोला ते चालतं, पण ते पाणी नवं असताना थेट त्यात सोडू नका. नळाच्या पाण्यात थोडं थोडं मिसळत जा.

बाष्पीभवनाचा प्रश्न मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी भराभर आटतं आणि आपण वरून भर घालत राहतो. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात. तीन महिने नुसती भर घातली तर टाकीतलं पाणी बोअरपेक्षा जड होतं. म्हणून दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढूनच टाका आणि मग नवं घाला. काढलेलं पाणी कुंड्यांना उत्तम.

उष्णतेचं काय? बाहेर बेचाळीस असताना पत्र्याच्या खोलीतली टाकी वाचवणं अवघड आहे. ती घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीजवळ, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. हवेचा पंप रात्रभर चालू हवा. पहाटेचं कारण वर सांगितलंच आहे. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा. टाकीवर छोटा पंखा फिरवला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फाचे खडे टाकू नका. फार तापलं तर गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडा आणि तापमान हळूहळू खाली येऊ द्या. उन्हाळ्यात खाणंही निम्म्यावर आणा. न खाल्लेलं कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं.

खाणं

या माशाला जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि खरं पोटही नसतं. अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून एकदम भरपूर नको, दिवसातून दोन-तीनदा चिमूटभर द्या. डाफ्निया (पाण्यातले पिसवेएवढे जीव), डासांच्या अळ्या, बारीक केलेली कोरडी गोळी, मधूनमधून उकडून कुस्करलेला पालक. शेवाळ तो स्वतःच कुरतडतो. चपातीचे तुकडे, पाव, बिस्किट देऊ नका. कडक भाकरी तर माणसांसाठीच ठेवा.

वीण: टाकीत पाऊस पाडायचा

खरी मजा इथे आहे. पुष्कळ जण सांगतात, 'वर्षभर पाळले, अंडी काही दिली नाहीत.' बारा महिने एकाच तापमानाला, एकाच उंचीच्या पाण्यात ठेवलेल्या माशाला विणीचा हंगाम आला हे कळणार कसं?

नर आणि मादी आधी ओळखा. मादी पोटाकडे भरलेली, रंग फिका. नर सडपातळ, हंगामात अंगावर लालसर झाक आणि पाठीच्या परावर काळसर ठिपके. दोघांना दोन आठवडे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून डाफ्निया आणि अळ्या भरपूर खाऊ घाला.

याच काळात त्या भांड्यांतल्या पाण्याची पातळी हळूहळू निम्म्यापर्यंत उतरवा. हा आपला उन्हाळा. विणीसाठी वीस-तीस लिटरची वेगळी टाकी घ्या. तळाला हायड्रिला दाट पसरा किंवा नायलॉनच्या दोऱ्यांचे झुबके टाका. वाळू नको, तिच्यात अंडी हरवतात. वनस्पतीखाली मोठ्या भोकांची जाळी आडवी बसवली तर फारच चांगलं. अंडी खाली पडतात आणि आईबापांच्या तोंडी लागत नाहीत. हो, हे मासे आपलीच अंडी खातात. अंडी टाकून झाली की त्यांचं काम संपलेलं असतं.

विणीच्या टाकीत आधी जुनंच पाणी अर्ध्यापर्यंत भरा. संध्याकाळी एक मादी आणि दोन नर सोडा. मग गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी छिद्रं पाडलेल्या बाटलीतून बारीक धारेने सोडत टाकी भरत न्या. पहिल्या सरीचं पाणी साठवू नका, त्यात पत्र्यावरची धूळ असते, नंतरचं घ्या. हे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि दोन-तीन अंशांनी थंडही. चढतं, निवणारं, मऊ पाणी म्हणजे त्यांच्यासाठी ओढ्याला आलेला पूर. पाऊस नसेल तर आरओचं पाणी चालेल. तापमान पंचवीस अंशाच्या आसपास हवं, म्हणून सोलापुरात हा प्रयोग जुलैनंतरच करावा. मे महिन्यात कितीही पाणी शिंपडलं तरी उपयोग होत नाही.

जमलं तर सकाळी कोवळ्या उन्हात नर मादीच्या मागे लागलेले दिसतील. वनस्पतीत अंगाला अंग घासून थोडी थोडी अंडी सुटतात. ती बारीक, पारदर्शक आणि चिकट असतात. एका मादीची शंभर-दीडशेही होतात. पाठलाग थांबला की तिन्ही मासे लगेच बाहेर काढा. दोन दिवसांत काही झालं नाही तरी काढा आणि पुन्हा खाऊ घाला.

टाकीवर कापड टाकून उजेड कमी करा. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने उचलून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण ती काचेला आणि पानांना चिकटून राहतात. पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. या काळात काही खायला घालू नका. ती आडवी पोहू लागली की लगेच अन्न हवं, आणि तेही डोळ्यांना न दिसणारं. त्याची तयारी आठवडाभर आधीच करून ठेवा. बरणीत तलावाचं पाणी, थोडं सुकं केळीचं पान, उजेडाची खिडकी. पाणी आधी गढूळ होतं, वास मारतं, मग निवळतं आणि त्यात सूक्ष्म जीव दिसू लागतात. हे पाणी ड्रॉपरने दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. आठवड्याभराने अंड्यांतून नुकतेच फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव). उकडलेल्या अंड्याचा बलक देतात काही जण, पण त्याने पाणी एवढं बिघडतं की टाळलेलं बरं.

पहिल्या महिन्यात पाणी बदलताना बारीक एअर ट्यूबला टोकाशी स्पंज लावा, नाहीतर पिल्लंच बादलीत जातील. ठिपके काही आठवड्यांनी उमटतात; आधी शेपटीचा, मग पुढचा ठळक होतो. मोठी पिल्लं लहानांच्या तोंडचं खातात, म्हणून आकारानुसार वेगळी करा.

डासांसाठी सोडावेत का?

हा प्रश्न हमखास येतो. टिक्टो डासांच्या अळ्या आवडीने खातो. अंगणातल्या हौदात, कमळाच्या कुंडीत चार-पाच सोडले तर उपयोग होतो. पण पिण्याच्या पाण्याचा बॅरल मासे सोडून नव्हे, घट्ट झाकून आणि आठवड्याला एकदा घासून कोरडा करूनच डासमुक्त राहतो. गप्पी बंद हौदापुरते ठीक आहेत. ते तळ्यात किंवा ओढ्यात कधी सोडू नका. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे आहेत, थेट पिल्लं घालतात आणि अंडी विखरून टाकणाऱ्या आपल्या माशांना जागा उरू देत नाहीत. चिलापीने उजनीत काय केलं ते भिगवण, इंदापूरच्या बाजारात ढिगाने दिसतंच. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, खवलीची अंडी मात्र गवताला उघडी चिकटलेली.

घरी वाढलेली जास्तीची पिल्लंही तलावात नेऊन सोडू नयेत. टाकीतले रोग त्यांच्याबरोबर तिकडे पोचतात, आणि एका ओढ्यातला मासा दुसऱ्या ओढ्यात गेला की कुठली जात कुठली हा हिशोबच बिघडतो. ती दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा शाळेतल्या टाकीला द्या, आणि देताना मूळ मासे कुठल्या पाण्यातले, कधीचे, ही चिठ्ठी बरोबर द्या.